खारीचा दुसरा भाग

आईला कुणी सांगितलं होतं मिरवायला? पण ऐकेल ती आई कसली. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या बायकांना तिने सांगून ठेवलं होतं, "ती समुद्रावर जाणारी खार आहे ना सिनेमातली, तिचा हिंदी आवाज माझ्या लेकीचा."

तो परदेशी कार्टून सिनेमा तेव्हा पोराटोरांना तोंडपाठ होता. डब्यांवर खार, दप्तरांवर खार. पण त्यातला आवाज माझा नव्हताच, तो एका मोठ्या नटीचा. मी होते त्याच्या दुसऱ्या भागात. तो थेटरात आलाच नाही, थेट डीव्हीडीवर निघाला. या दुसऱ्या भागांची तऱ्हा काय सांगू! चित्रं घाईघाईत उरकलेली, गाणी पाणचट, खारीला एक मुलगी झालेली आणि मेलेल्या खलनायकाला कुठूनतरी भाऊ फुटलेला. नटी काही दुसऱ्यांदा यायला तयार नव्हती, म्हणून गोरेगावच्या एका स्टुडिओत मला माइकसमोर उभं केलं. "मॅडमसारखं बोल," डबिंगचे डायरेक्टर म्हणाले, "तुझ्यासारखं नको." खार मी, खारीची आजी मी आणि बोटीवरचा म्हातारा बगळाही मीच. एका प्रसंगात आजी आणि बगळा कडाकडा भांडतात, म्हणजे मी माझ्याशीच भांडले.

हे मी आईला सांगितलं होतं, मेथी निवडताना. "पहिला काय नि दुसरा काय, खार तीच ना?" ती म्हणाली. मीही मग ते तसंच चालू दिलं. खरं सांगायचं तर तिचं ते मिरवणं मला आवडायला लागलं होतं. जिन्यात शेजारणी थांबवून विचारायच्या आणि मी नुसती हसायचे.

सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी एक संध्याकाळ मुलांच्या सिनेमाची असते. त्या वर्षी कमिटीने खारीचाच सिनेमा ठरवला आणि डिस्क द्यायचं काम आईने हौसेने अंगावर घेतलं. दिली कुठली, तर माझ्या कामाची, घरात शोकेसमध्ये ठेवलेली. मला पत्ता लागला तोवर आरती आटोपली होती, कंपाउंडमध्ये पांढरी चादर ताणली होती आणि सेक्रेटरीकाका माइकवर सांगत होते, "या सिनेमात आपल्या ताईंचाही खारीचा वाटा आहे, बरं का!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत काठापदराची साडी नेसून बसलेल्या आईने मागे वळून सगळ्यांना नमस्कार केला. मी तिच्या शेजारी अंग चोरून बसले. वाट लागली होती.

सिनेमा सुरू झाला आणि लगेच एक कार्टं ओरडलं, "अरे, हा पार्ट टू आहे! ही डुप्लिकेट खार आहे!"

मग आजी आणि बगळ्याचं भांडण आलं. पोरं हसत सुटली, कारण दोघांचा आवाज एकच हे त्यांना आधी कळलं. मोठी माणसंही हसायला लागली. मागून एक काकू पुढे वाकून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर त्या मोठ्या सिनेमाचं सांगत होतात ना?"

"पहिला काय नि दुसरा काय," आई म्हणाली, पण फार हळू. तिचे कान लाल झाले होते. मला लाज वाटत होती ती आधी माझ्या आवाजाची. नंतर त्या लाल कानांची वाटायला लागली आणि ती जास्त होती.

हळूहळू पोरं उठून लपाछपी खेळायला गेली. बायका प्रसादाच्या शिऱ्याकडे वळल्या. सिनेमा संपला तेव्हा मागे रिकाम्या खुर्च्या होत्या आणि पुढे आम्ही दोघी. चादरीवर नावं सरकायला लागली. सेक्रेटरीकाका बंद करायला आले तर आईने हातानेच त्यांना थांबवलं.

"चल ना गं आई, घरी जाऊ."

"थांब. तुझं नाव यायचंय अजून."

डबिंगवाल्यांची नावं त्यात नसतात. हे तिला भाजी निवडताना सांगायचं राहूनच गेलं होतं. इंग्रजी नावं भराभर वर जात होती आणि आई ओठ हलवत एकेक वाचू बघत होती, निम्मं वाचेस्तोवर ते निघून जायचं. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. इतके धिंडवडे निघाले तरी ही बाई माझं नाव शोधतेय!

"आत्ताच गेलं बघ," माझ्या तोंडून निघून गेलं. "मधल्या ओळीत होतं."

चादर पांढरी झाली. आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"हो, दिसलं की मला," ती म्हणाली. "स्पेलिंगसुद्धा बरोबर घातलंय."