पायरीखालचा व्हॉल्व्ह

“कुदळ खाली ठेवा आधी.”

हवालदार खुर्चीतून उठला नव्हता, पण काठी त्यानं उचलली होती. माझा व्हॉल्व्हमन शंकर पुतळ्याच्या पायरीशी कुदळ घेऊन उभा. मी मध्ये पडलो. म्हटलं, “अहो, या पायरीखाली पाण्याचा व्हॉल्व्ह आहे. तो गळतोय, आणि शेजारून गटार वाहतंय. दोन पायऱ्या काढतो, दुरुस्त करतो, परत बसवून देतो.”

“साहेब, मला ‘जैसे थे’ची ऑर्डर आहे. इथला खडा हलला तरी माझी नोकरी जाईल.”

मी तेव्हा एका लहान नगरपालिकेत पाणीपुरवठा अभियंता होतो. शिरूर-दौंडच्या बाजूचं गाव. नाव मुद्दाम घालत नाही, साल नव्वदीच्या अखेरीचं धरा.

पुतळा एका दिवंगत पुढाऱ्याचा. आपण त्यांना तात्यासाहेब म्हणू. निम्म्या गावाला ते देवासारखे. धनगरवस्तीला मात्र ते आठवत ते गायरान गिळणारा माणूस म्हणून. वस्तीची मेंढरं जिथं चरायची तिथं तात्यासाहेबांच्या संस्थेचं कुंपण पडलं. मेंढरं विकावी लागली, पोरं कुरकुंभच्या केमिकल कंपन्यांत शिफ्टला जाऊ लागली.

पालिका तात्यासाहेबांच्या माणसांची. त्यांनी सभेत ठराव केला आणि सरकारची परवानगी न घेता चौकात पुतळा उभा केला. मुंबईत सरकार दुसऱ्या पक्षाचं. त्यांनी हुकूम सोडला, पुतळा काढा. पालिका म्हणाली, चौक आमचा, काढत नाही जा. प्रकरण अपिलात गेलं आणि वरून आलं ‘जैसे थे’. म्हणजे निकाल लागेपर्यंत जे जसं आहे ते तसंच ठेवायचं. पुतळ्याला निळी ताडपत्री गुंडाळून सुतळीनं आवळली आणि खाली पोलीस बसवले.

चौथरा बांधत होते तेव्हाच मी ओरडलो होतो, की खाली वस्तीच्या लाइनचा व्हॉल्व्ह आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, बघतो. बघितलं काय कप्पाळ! वर काँक्रीट ओतून मोकळा झाला.

व्हॉल्व्ह गळला तर पाणी वाया जातं एवढंच लोकांना वाटतं. खरं दुखणं वेगळंच. आपल्याकडं नळाला पाणी सकाळी थोडा वेळ येतं. ते बंद झालं की लाइन रिकामी होते, आणि रिकामी लाइन जिथं भोक असेल तिथून बाहेरचं आत ओढते. बाहेर गटार असेल तर गटार ओढते. दुसऱ्या दिवशी तेच पहिल्या धारेला तुमच्या हंड्यात पडतं.

आम्ही रोज ओटी टेस्ट करायचो. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरिन आहे, म्हणजे पाणी ठीक. वस्तीत रंगच येईना. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, वाढवली, तरी येईना. पाणी पिवळं व्हायला हवं होतं, ते झालं नाही. माणसं झाली.

वस्तीत कावीळ सुरू झाली. हौसाबाई म्हणून एक बाई नळाशी माझी वाटच बघत बसायची. तिची सून मंदा गरोदर होती. “सायेब, डोळं बगा की पोरीचं. हळदीवानी झाल्यात.” दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही पाण्यातून येणारी कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते. मंदाला पुण्याला हलवलं. मी वस्तीत हात जोडून सांगत फिरलो, पाणी उकळून प्या. हौसाबाई म्हणाली, “उकळतो की. पर किती जळाण आणायचं, आन् कुटनं?”

मी नगराध्यक्षांकडे गेलो.

“दोन पायऱ्या काढू द्या.”

“वेड लागलंय का तुम्हाला? एक पायरी निघाली की प्रांत म्हणणार, बघा, पालिकेनंच पुतळा काढायला सुरुवात केली.”

“मग वस्तीची लाइन बंद करतो. आपला टँकर तिकडं लावा.”

“म्हंजी पुतळ्यामुळं वस्तीचं पाणी तुटलं अशी बोंब उठवायला सरकारवाले मोकळे! काही बंद करायचं न्हाई. उकळून प्या म्हणावं.”

तिथून उठलो तो प्रांतसाहेबांकडे. प्रांत म्हणजे तहसीलदाराच्या वरचे सरकारी अधिकारी. शांत, गोड बोलणारे.

“अहो इंजिनिअर, पायरी फोडली की ती परत बांधणार ना तुम्ही? म्हणजे अनधिकृत बांधकामाची दुरुस्ती आमच्या परवानगीनं. उद्या पालिका सांगेल, सरकारनं पुतळा मान्य केला.”

“साहेब, एक बाई पुण्याला दवाखान्यात आहे. पोटात मूल आहे तिच्या.”

“वाईट वाटतं हो. लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा.”

दोन्हीकडं तेच वाक्य! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारून दुसरी लाइन टाकायची म्हटलं तर चौक खणावा लागणार, आणि चौकही ‘जैसे थे’. मी पत्रं लिहीत राहिलो. पालिका ती प्रांतांकडं टोलवायची, प्रांत पालिकेकडं.

मग तात्यासाहेबांची जयंती आली. एवढ्या दिवसांत पालिकेचं आणि सरकारचं एका गोष्टीवर जमलं. जयंतीच्या सकाळी ताडपत्री काढायची, पुतळ्याला अंघोळ घालायची, हार घालायचे आणि परत गुंडाळायचं. बंदोबस्ताला प्रांत स्वतः हजर. आणि चौकात उभा होता पालिकेचा एकुलता एक टँकर! वस्तीसाठी मी ज्याच्या नावानं इतके दिवस गळा काढला, तो स्वच्छ पाण्यानं चौथरा धूत होता. मी दात-ओठ खात बघत होतो.

तेवढ्यात वस्तीकडून बायका आल्या. डोक्यावर हंडे, पुढं हौसाबाई.

“आमाला बी तात्याला अंगूळ घालायची हाय,” ती म्हणाली.

नगराध्यक्ष फुलून गेले. वस्ती आपल्या बाजूला आली! “या, या मावशी. ए, फोटोवाल्याला बोलव रे!” मला काही कळेना. ही बाई तात्यासाहेबांचं नाव काढलं तरी थुंकायची.

हौसाबाई पायऱ्या चढली. हंडा खाली घेतला आणि वास सुटला. पुतळ्याजवळचा कार्यकर्ता नाक धरून मागं सरला.

“मावशी, काय आणलंय हे?”

“पाणी. नळाचं हाय. आजच भरलंय.”

“थांबा, थांबा!” नगराध्यक्ष धावले. “असलं घाण पाणी तात्यासाहेबांच्या अंगावर वतायचं न्हाई!”

“व्हय?” हौसाबाई म्हणाली. “ह्या पितळंच्या अंगाला चालत न्हाई, आन् माज्या सुनंच्या पोटात चालतंय?”

तिनं हंड्यात तांब्या बुडवला आणि सरळ प्रांतांसमोर धरला. “तुमी सरकार हाय न्हवं? घ्या. घोटभर प्या.”

प्रांतांनी हात पुढं केला नाही. नगराध्यक्ष हाराची गाठ सोडवत बसले. टँकरवर शंकरच होता, हत्यारं बरोबर होती. मी त्याला म्हटलं, “घे कुदळ.”

हवालदारानं प्रांतांकडं बघितलं. प्रांत टँकरकडं बघत होते. हो कुणी म्हटलं नाही, नको म्हणायचीही कुणाची छाती झाली नाही. शंकरनं घाव घातला तेव्हा वस्तीच्या बायका त्याची खोरी घेऊन मलबा ओढू लागल्या. खाली व्हॉल्व्हचा सांधा पार कुजला होता आणि अख्खा खड्डा गटाराच्या काळ्या पाण्यानं भरला होता. उपसला, सांधा बदलला, लाइन धुऊन काढली. दुपारपर्यंत काम संपलं. एवढंच काम होतं ते!

पुढच्या आठवड्यात हौसाबाईच्या नळाशी ओटी टेस्ट केली. पिवळा रंग आला. मी नळी उचलून तिला दाखवली. “बघा, झालं ठीक.”

ती त्या रंगाकडं बघत राहिली. “मंदा वाचली, सायेब. काल घरी आणली. मूल पोटातच गेलं.” मग म्हणाली, “पोरगा व्हता.”

नळी तिथंच धुतली आणि निघालो.

ऑफिसात दोन पाकिटं येऊन पडली होती. एक प्रांतांचं, ‘जैसे थे’ आदेशाचा भंग केला म्हणून. दुसरं माझ्याच पालिकेचं, पुतळ्याचं पावित्र्य भंग केलं म्हणून. पुतळा ठेवायचा की काढायचा यावर ज्यांचं कधी जमलं नाही, त्यांचं माझ्यावर मात्र बरोबर जमलं. खुलासा मागितला होता. मी दोघांना एकच धाडला: ‘आदेश मला समजला होता. गटाराला समजला नाही.’ पगारवाढ अडकली ती अडकलीच.

पुढं निवडणुकीत दोन्ही पक्षांचं सूत जुळलं. मग पुतळा वाजतगाजत संस्थेच्या आवारात हलवला, त्याच जुन्या गायरानात. क्रेन आली, एका सकाळीत उचलला. कुणी साधी घोषणासुद्धा दिली नाही. हारतुऱ्यांना प्रांत आणि नगराध्यक्ष शेजारीशेजारी उभे होते, हसत.

आता नवीन पोरं नोकरीला लागताना मला विचारतात, काय काळजी घ्यायची. मी सांगतो, चौकात काही उभं राहायला लागलं तर ते कुणाचं आहे हे विचारत बसू नका. त्याच्या खाली काय आहे ते काँक्रीट पडायच्या आत उघडं करून घ्या. एकदा वर माणूस उभा राहिला, की खालच्या माणसांचं कुणी ऐकत नाही.