कासवांची सुईण

गोदाबाई बाळाच्या अंघोळीचं पाणी कधी बोटांनी पाहायच्या नाहीत, कोपर बुडवायच्या. "बोटं निगरगट्ट झालेली असतात. कोपर खरं सांगतं," असं म्हणायच्या. धारमधल्या आमच्या गल्लीतली निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मली. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली एक कासवीण तेवढी होती, अमझेऱ्याकडच्या एका बाळंतिणीच्या घरून मिळालेली.

त्या वर्षी आश्विनात कासविणीनं अंगणात खड्डा करून चार अंडी घातली. गोदाबाईंनी प्रत्येकाला वरच्या बाजूनं काजळाचा ठिपका लावला आणि ठिपका वरच राहील अशा बेतानं ती मडक्यातल्या वाळूत ठेवली. "सूनबाई, आत जीव एकदा वर चिकटला की अंडं उलटं न्हाई करायचं. गुदमरतो." मला तेव्हा सहावा महिना होता.

पौषात उंदीर पडू लागले. प्लेगच्या भीतीनं गाव शेतांतल्या खोपटांत राहायला गेलं. गोदाबाईंनी कासवीण टोपलीत घालून बैलगाडीत ठेवली. मडकं मात्र पोटाशी धरून त्या पायी चालल्या. "गाडीचे हिसके बसतील," एवढंच बोलल्या.

खोपटातच मला मुलगी झाली. थंडी कडाक्याची होती. गोदाबाईंनी माझ्या बाजेखाली शेगडी सारली आणि पलीकडे मडकं ठेवलं. सासूबाई भडकल्या. "बाळंतिणीजवळ कासवाची अंडी?"

"ही तुमच्या घरची बाळंतीण, माई, ती माझ्या घरची. शेगडी एकच हाय."

सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. गोदाबाई रोज मुलीच्या पाण्यात कोपर बुडवायच्या, मग ते पुसून वाळूवर टेकवायच्या. वाळू जास्त ऊन लागली तर मडकं वीतभर लांब सारायच्या.

शिवरात्रीच्या सुमारास एका अंड्याला भोक पडलं. आत नख हलत होतं. दुसरा दिवस उजाडला तरी पिल्लू तिथंच. मला राहवेना, कवच सोलायला मी हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं.

"पोटाशी पिवळं असतं, ते आत जिरू दे. ओढलंस तर मरेल. आपण नुसतं बसायचं."

आम्ही बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी ते बाहेर आलं, पाठोपाठ दुसरं. उरलेली दोन अंडी नासली होती. ती त्यांनी बांधाजवळ पुरली, हात धुतले आणि मुलीला न्हाऊ घातलं.

पुढच्या साथीत गाठ आलेली एक बाई अडली. तिच्या घराचा उंबरा कोणी ओलांडेना. गोदाबाई गेल्या. मूल वाचलं, आई गेली, आणि आठवड्याच्या आत गोदाबाईही.

त्यांच्या घरात पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई कोणाला न सांगता बाहेर पडल्या. परतल्या तेव्हा काखेत कासवीण होती आणि पदरात दोन्ही पिल्लं. त्यांनी दारातच डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानंच मला हाक मारली, "मेथीची पानं आण. बारीक चिर, लहान आहेत अजून."