दिवेलागणीचा मिसकॉल

माझे वडील, ज्यांना मी आणि सगळा गाव आबा म्हणायचो, रोज दिवे लागायच्या वेळेला मला मिसकॉल द्यायचे. एक मिसकॉल म्हणजे सगळं ठीक आहे. लागोपाठ दोन म्हणजे तू फोन कर. कॉल फुकट झाले तरी त्यांची पद्धत बदलली नाही. चुकून मी उचललाच तर तिकडून ओरडायचे, "उचलला कशाला? ठेव, ठेव!" मी लोणावळ्यात राहतो. ते वडिवळ्याच्या धरणाकडच्या अंगाला, गावापासून जरा लांब, भातखाचरांच्या कडेच्या घरात एकटे. आई गेल्यापासून आमचं बहुतेक बोलणं त्या एका रिंगवर भागायचं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते सोयीचंच होतं.

मी मोबाइल टॉवर सांभाळणाऱ्या एका कंपनीत टेक्निशियन आहे. लोकांना वाटतं, प्रत्येक मोबाइल कंपनीचा टॉवर वेगळा असतो. तसं नाही. भावकीतल्या सामायिक विहिरीसारखं आहे ते. लोखंड एक, बॅटऱ्या एक, जनरेटर एक, आणि त्यावर तीन-तीन कंपन्यांच्या अँटेना. कुणी किती उंचीवर काय लावायचं ते करारात लिहिलेलं असतं आणि सगळ्यांना सारखी वागणूक द्यायची, हे सरकारी नियमात. तरी विहिरीवर होतात तशी भांडणं इथेही होतात.

आबांच्या गावचा टॉवर माझ्याच हद्दीत येतो. तो उभा राहायचा होता तेव्हा गावाचा विरोध होता. आबांनीच ग्रामसभेत उठून सांगितलं, "माजं पोरगं त्याच कामात हाय. वंगाळ असतं तर त्यानं पयलं आपल्या बापाला सांगितलं असतं." लोक गप्प बसले. मागे उभा असलेला मी तेव्हा केवढा फुशारलो होतो! चहूकडून डोंगर असल्याने दुसऱ्या कुठल्या टॉवरची रेंज तिथे पोचत नाही. जे काही आहे ते त्या एका लोखंडावर.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत त्या टॉवरवर भांडण लागलं. तिघींतल्या एका कंपनीने करारात दोन डिश असताना वर तिसरी चढवली. आमचे साहेब म्हणाले, टॉवरला तेवढा भार झेपणार नाही, उतरवा. कंपनीवाले म्हणाले, इतरांना जागा देता आणि आम्हालाच नियम दाखवता का? मी स्वतः वर चढून पाहिलं होतं. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. नोटीस गेली, उत्तर आलं, पुन्हा नोटीस गेली. प्रकरण वर जाऊन बसलं आणि एका गुरुवारी मला निरोप आला की निकाल लागेपर्यंत त्या कंपनीची वीज बंद ठेवा.

आबांचं सिम त्याच कंपनीचं होतं.

मी टॉवरखालच्या खोलीत गेलो आणि त्या कंपनीचा ब्रेकर खाली ओढला. एका बोटाचं काम. मग आबांकडे भाकरी खायला गेलो आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"किती दिस बंद ऱ्हाईल?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच दिवस. फार तर आठवडा."

"मंग मी तुला कळवू कसं?"

"कळवायचं कशाला, आबा? मिसकॉल आला नाही तर मी समजेन, टॉवर बंद आहे म्हणून. तुम्ही काळजी करू नका. रविवारी दुसऱ्या कंपनीचं सिम आणून देतो."

"व्हय," ते म्हणाले, "तुला म्हाईत असलं म्हंजी झालं."

निघण्याआधी तिथेच बसून मी कामाचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो, गावात पूर्वसूचना दिली का? मी 'हो' वर खूण केली. बापाला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं, असा माझा हिशोब.

रविवारी सिम खिशात घालून निघालो खरा. पण लोणावळ्याचा रविवार! पर्यटकांच्या गाड्या चिक्कीच्या दुकानांपासून तुंबलेल्या. अर्धा तास शिव्या घालत उभा राहिलो आणि गाडी वळवली. पुढच्या रविवारी जाऊ म्हटलं. फोन लागत नव्हता, त्यामुळे येत नाही हे कळवायचाही प्रश्न नव्हता. त्याचंही मला जरा बरंच वाटलं.

मंगळवारी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आबांच्या खाचराला लागून ज्यांचं खाचर आहे, त्या मावशी बोलत होत्या. त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं. "लवकर ये रं बाबा. तुजं आबा मागल्या दारी पडल्यात. रातभर तितंच हुतं. कापणीच्या गडबडीत कुनाचं ध्यानच न्हवतं." मावशींचा आवाज त्याच टॉवरवरून येत होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी दिवस मावळताना मागच्या पायरीवरून पाय घसरला होता. अंग थंडीने गारठून गेलं होतं. तळेगावच्या दवाखान्यात नेताना गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी विचारू नये ते विचारलं, "आबा, फोन जवळ होता ना?"

"हुता की. खिशातच हुता." मग म्हणाले, "लागनार न्हाई ते म्हाईत हुतं. तू सांगितलंच हुतंस. तरी दाबत ऱ्हायलो."

आणि त्याच वेळी, सोमवारी संध्याकाळी, मी घरी टीव्हीसमोर निवांत बसलो होतो. एरवी मिसकॉलला थोडा जरी उशीर झाला तरी माझा जीव वरखाली व्हायचा. त्या दिवशी झाला नाही. मिसकॉल का येत नाही हे सगळ्या मावळात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आबा गेले.

दहाव्यानंतर गावच्या घरी त्यांचा फोन उघडून बसलो. लावलेल्या नंबरांच्या यादीत माझाच नंबर होता, वरपासून खालपर्यंत. वेळा पाहिल्या. दोन कॉल लागोपाठ, मग थोडा वेळ सोडून पुन्हा दोन. पुन्हा दोन. मोडलेल्या हाडावर पडून त्यांनी आमची पद्धत सोडली नव्हती. तू फोन कर, एवढंच ते म्हणत होते.

फोनच्या पडद्यावर अजूनही एक बारीक इंग्रजी ओळ होती. मला तिचा अर्थ कळतो. फक्त आणीबाणीचे कॉल. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी एकशे बारा हा मदतीचा नंबर जवळ असेल त्या कंपनीच्या अँटेनावरून लागतो. उरलेल्या दोघी त्या टॉवरवर चालूच होत्या. कामावर नवीन आलेल्या माणसाला मी हे पहिल्याच दिवशी सांगतो, वर चहा पाजतो. आबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्या गुरुवारी भाकरी खाताना मी त्यांना करार सांगितला, तिसरी डिश सांगितली, वर गेलेलं प्रकरण सांगितलं. तीन आकडे तेवढे सांगितले नाहीत. ही चूक मी कुणावर ढकलू? आमच्या आणि त्या डिशवाल्या, दोन्ही कंपन्यांना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या आहेत, पण तिथून फिरून बोट माझ्याकडेच येतं.

पुढच्याच आठवड्यात तडजोड झाली. त्या कंपनीने तिसरी डिश उतरवली, आमच्या साहेबांनी सही केली आणि मला निरोप आला, चालू करा. मी त्याच खोलीत गेलो. आबांचा फोन शर्टाच्या खिशात होता. ब्रेकर वर केला. थोड्या वेळाने फोन काढून पाहिला तर ती इंग्रजी ओळ गेली होती आणि रेंज पूर्ण आली होती. त्यांचा चार्जर मी तेव्हापासून घरी लावून ठेवला आहे, फोन बंद पडू देत नाही.

मग उभ्या उभ्या फॉर्म भरला. सेवा पूर्ववत झाली का? हो. शेवटचा रकाना होता, बंद काळात गावातून कुणाची तक्रार? आबांनी तक्रार कुठे केली होती? दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा ते नर्सला सांगत होते, माजं पोरगं टॉवरच्या कामात हाय.

मी लिहिलं, नाही.