मिस्त्रींचं खोटं काडतूस

गिऱ्हाइकाने "मॅग्नम आहे का?" असं विचारलं की मिस्त्री चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, परत डोळ्यांवर चढवायचे आणि मगच तोंड उघडायचे. "मारायचं काय हाय, ते सांग आधी."

तिथेच गिऱ्हाईक अर्धं गार व्हायचं. उरलेलं अर्धं पुढच्या प्रश्नाला. "किती पावलांवरनं?" आणि तिसरा प्रश्न आला की मी काउंटरवर कपाळ टेकायचा बाकी राहायचो. "शेवटची गोळी कवा झाडलीस?"

आता मला सांगा, सरकारी परवाना घेऊन आलेल्या, चांगल्या घरच्या माणसाला दुकानात कुणी असं विचारतं? कापडवाला विचारतो का, की सदरा घालून जाणार कुठे?

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीपलीकडे बंदुका आणि काडतुसांचं आमचं दुकान. मालक शेठ, पुढे काउंटरवर मी, मागच्या खोलीत दुरुस्तीला मिस्त्री. ते रोज रोह्याजवळच्या वरशाहून सकाळच्या एस.टी.ने यायचे. मी धरमतरच्या खाडीकाठचा. आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी मिठागरात फावडं ओढलं. मी पहिला पदवीधर, बी.एस्सी., फिजिक्स, पहिला वर्ग. हे मी मिरवायला सांगत नाही; मिरवतोही थोडं, पण सांगायचं कारण वेगळं. मिस्त्रींनी मला अकरा वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नाही. "ए बी.एस्सी., पाना दे." "बी.एस्सी., चहा गार झाला, त्याचं काय सूत्र हाय रे?"

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या जनावरासाठीच्या रायफलीची काडतुसं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक साधं, आपल्याकडच्या तीनशे पंधरा बोअरच्या रायफलीत बसतं तसं. दुसरं मॅग्नम. त्याचं कवच लांब, आत दारू जास्त, त्यामुळे गोळीला जोर जास्त आणि रायफलीची खांद्याला लाथही जास्त. मी म्हणायचो, ऊर्जा म्हणजे अर्धं एम व्ही स्क्वेअर; वेग वाढला की ऊर्जा त्याच्या वर्गाने वाढते; जनावर जागच्या जागी पडतं; वाद संपला.

मिस्त्री म्हणायचे, "बरं."

या "बरं"चा मला जो त्रास झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. वाद घालणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. "बरं" म्हणून कानस घासत बसणाऱ्याला काय देणार? एकदा मी दोन रविवार खपून सगळ्या काडतुसांच्या वेगाचा आणि ऊर्जेचा तक्ता तयार केला, छापून आणला, प्लॅस्टिकमध्ये घालून भिंतीवर लावला. चार दिवसांनी तो मिस्त्रींच्या तेलाच्या डब्याखाली सापडला.

"प्लॅस्टिक चांगलं हाय," ते म्हणाले. "तेल झिरपत नाय."

शिकारबंदीच्या आधीच्या काळातल्या शिकाऱ्यांच्या रायफली त्यांच्या बापाच्या आणि मग त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्या जोरावर ते बेधडक सांगायचे, "सांबर, डुक्कर, वाघ, सगली साध्या काडतुसानं पडली. जी नाय पडली, ती मॅग्नमवाल्यांची."

"याला पुरावा काय, मिस्त्री?"

"पडली नाय, तर पुरावा कुठनं येणार?"

बोला आता.

त्यांच्या खिशात एक काडतूस असायचं. खोटं. मॅग्नमचंच रिकामं कवच, मागची ठिणगी पाडणारी टोपी काढलेली, आत दारूचा कण नाही, पण पुढे गोळी बसवलेली. लांबून कुणीही फसावं. अख्ख्या जगात मॅग्नमचं हे एकच काडतूस त्यांना आवडायचं. ते कशासाठी आहे, हे विचारलं की म्हणायचे, "हे माणसाला लागतं. जनावराला नाय."

आता माझी चूक सांगतो, म्हणजे त्यांचं चित्र पुरं होईल.

रोह्याच्या आतल्या अंगाच्या एका गावात रानडुकरांनी भात लोळवलं होतं. वनखात्याचा रीतसर परवाना निघाला आणि तो मिळाला तिथल्याच एका तरुण माणसाला. खडीच्या गाड्या असलेला, गावात सगळे त्याला भाऊ म्हणत. आजोबांच्या मागे दोन रायफली परवान्यासकट त्याच्या नावावर झालेल्या. एक तीनशे पंधरा, एक तीनशे पंच्याहत्तर मॅग्नम. तो दुकानात आला तेव्हा मिस्त्री मागे डबा खात होते.

"कुठली नेऊ?" भाऊंनी विचारलं.

मी तक्ता दाखवला. तेलाचे डाग पुसून घेतलेला. अर्धं एम व्ही स्क्वेअर समजावून सांगितलं. दुकानात मॅग्नमचा एकच डबा होता, तो बांधून दिला. घाई केली, हे कबूल करतो. मिस्त्री हात धुवून बाहेर आले तेव्हा भाऊंची गाडी वळणावर होती.

"काय नेलं?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. पण या वेळी "बरं" म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. मिस्त्रींची धाकटी बहीण. त्याच गावात दिलेली, नवरा वारलेला, एकटीच शेत करणारी. भाऊंनी संध्याकाळी उजेडात डुकरावर गोळी झाडली होती. लागली, पण मागच्या मांडीत. डुक्कर डोंगरउतारावरच्या करवंदीच्या जाळीत शिरलं. भाऊ म्हणाले, लांब जाऊन मेलं असेल. ते मेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने जाळीजवळ गेलेलं कुत्रं फाडलं. आणि त्या जाळीला लागूनच बहिणीचं भात, पिवळं होऊन उभं.

फोनमधला तिचा आवाज काउंटरवरून मलाही ऐकू येत होता. "दादा, कापायला कोन येत नाय. मी उद्या एकटी जाते."

"जाऊ नको गो. चार दिस थांब."

"चार दिसांनी जमिनीची ओल जाईल. मग वाल काय डांबरावर पेरू?"

आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकतात. ओल गेली की ते पीक गेलं. मिस्त्रींना हे मी सांगायची गरज नव्हती आणि बहिणीचा स्वभावही. ती उद्या म्हणाली की उद्याच जाणार.

मिस्त्रींनी रिसीव्हर ठेवला. "शेठ, उद्या माझी सुट्टी. बी.एस्सी.ची पण."

"माझी कशाला?"

"तक्ता घेऊन ये."

सकाळी नागोठण्यावरून बस बदलून आम्ही गावात पोचलो, तर बाई खरोखर शेतात. विळा घेऊन, जाळीपासून पन्नास पावलांवर, खाली वाकून कापत होती. मिस्त्री तिच्या आणि जाळीच्या मधे बांधावर जाऊन बसले. वनरक्षक आला, दोन रायफली घेऊन भाऊ आले. भाऊंचा चेहरा उतरलेला. त्यांना लगेच जाळीत शिरून विषय संपवायचा होता.

"आधी हिकडं," मिस्त्री म्हणाले. मॅग्नम रायफल मागून घेतली, आमच्याकडे पाठ केली, आत काडतूस सरकवलं आणि भाऊंच्या हातात दिली. "त्या समोरच्या बांधात मार. आवाजानं जनावर उठलं तर उठू दे, बघू."

भाऊंनी खांद्याला लावली. चाप ओढला. नुसतं टक् झालं. पण नळीचं टोक वीतभर खाली गेलं होतं. लाथ बसणार म्हणून अंगाने आधीच दचकून घेतलं होतं. आत होतं ते खोटं काडतूस. खरी गोळी असती तर ती कुठे गेली असती, हे आम्हा सगळ्यांना दिसलं. मांडीत.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पहिला वर्ग माणसाला गप्प बसू देत नाही. मी म्हणालो, "हा सवयीचा प्रश्न आहे. यात काडतुसाचा दोष नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाले. पुन्हा पाठ केली, पुन्हा काहीतरी सरकवलं. "या बारीला खरं हाय हां. धर."

नियमात हे बसलं असतं की नाही, विचारू नका. इतकी वर्षं काडतुसं विकूनही मी तोवर एकही गोळी झाडली नव्हती, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. मी दस्ता खांद्यात रोवला, श्वास धरला, चाप ओढला.

टक्.

बाई विळा घेऊन बाजूला येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, ह्यो तर डोलं मिटतो."

वनरक्षकाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मिस्त्रींनी माझ्या हातातून रायफल काढून घेतली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "बी.एस्सी., अर्धं एम व्ही स्क्वेअर बांधात गेलं रे."

त्यानंतर दीड तास. दीड तास आम्ही तिथे उन्हात उभे, आणि मिस्त्री भाऊंच्या हातात रिकामी तीनशे पंधरा देऊन, तिच्या नळीवर एक रुपया ठेवून, चाप ओढायला लावताहेत. रुपया पडला, परत. पडला, परत. वनरक्षकाने जांभया दिल्या. मी मनात म्हटलं, जनावर शंभर पावलांवर आहे आणि यांनी शाळा काढलीय. शेवटी रुपया सलग दहा वेळा राहिला. मग मिस्त्रींनी तो खिशात घातला आणि म्हणाले, "आता चल. घाई नाय करायची. ते वलून आडवं व्हईल, तवा खांद्यामागं मार."

बहिणीला वरच्या बांधावर पाठवलं, मला तिच्याबरोबर. वरून दिसत होतं. मिस्त्रींनी जाळीत दगड टाकला. दुसरा टाकला. डुक्कर बाहेर आलं ते तीन पायांवर. मला वाटलं होतं त्याहून लहान. ते वळलं. भाऊ थांबले, इतके थांबले की बाईंनी माझं मनगट धरलं. मग एक आवाज झाला. डुक्कर दोन पावलं गेलं आणि बसल्यासारखं खाली गेलं. साधं काडतूस. एकच.

आम्ही उतरलो तेव्हा मिस्त्री त्याच्या मागच्या मांडीपाशी उकिडवे बसले होते. जखमेवर माश्या होत्या, त्या हाताने वारत होते, मेलेल्या जनावरावरच्या. मला वाटलं आता ते मला काहीतरी सुनावतील, आणि मी तयारही होतो. ते म्हणाले, "तीन-चार दिस पानी पन प्यालं नसंल." मग उठले, बहिणीच्या हातातून विळा घेतला आणि कापायला लागले. मीही कापलं. मिठागरातल्या पोराला भातकापणी येत नाही. त्यावरूनही दिवसभर बोलणी खाल्ली.

वाल वेळेत पेरले गेले. माघात मिस्त्रींनी कडव्या वालांची एक पिशवी आणून काउंटरवर आदळली. "तुला दिलेत तिनं. डोलं मिटनाऱ्याला, म्हनाली."

यातून मी काय शिकलो, असं तुम्ही विचाराल. सूत्र चुकलेलं नाही. मी आजही तेच म्हणतो. हत्तीसमोर उभं राहायचं तर मॅग्नमच हवं. पण रायगडात हत्ती नाहीत, आणि हे मिस्त्री मला सरळ शब्दांत सांगू शकले असते. अकरा वर्षांत सांगितलं नाही.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी लपवलं. एक दिवस पाना तीनदा खाली पडला आणि ते अवजारं पुसून, डब्यात लावून, कायमचे वरशाला निघून गेले. मी भेटायला गेलो तेव्हा बहीणच तिथे येऊन राहिली होती. चहा दिला. त्यांच्या हातातल्या बशीत कप वाजत राहिला. मी दुसरीकडे बघायला लागलो, तर म्हणाले, "बघ की. रुपया आता माझ्याच हातावर राहत नाय." आणि डाव्या हाताने खिशातलं खोटं काडतूस काढून माझ्यापुढे सारलं. "दुकानात ठेव."

गेल्या पावसाळ्यात ते गेले.

त्या काडतुसाने मला वैताग आणलाय. साठ्याच्या नोंदवहीत ते बसत नाही. दर तपासणीला पोलीस ठाण्याचे साहेब माझा खण उघडतात, ते उचलतात आणि आमचं तेच बोलणं होतं.

"हे एक जास्त आहे."

"ते काडतूस नाही, साहेब. दारू नाही त्यात. टोपीही नाही."

"मग ठेवलंय कशाला?"

परवा साहेबांनी हेच विचारलं तेव्हा त्यांच्या कमरेला पिस्तूल होतं. मी बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

"साहेब," मी म्हणालो, "शेवटची गोळी कधी झाडलीत?"