चटणीच्या दिवशीची न्याहारी

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या भागात सासूला आत्याच म्हणायची रीत आहे, नातं जुनं असो की नवं. आणि आमच्या आत्या म्हणजे चटणीच्या बाबतीत गल्लीचं सुप्रीम कोर्ट. कुणाचा लसूण करपला, कुणाचं मीठ कमी पडलं, कुणी खोबऱ्यात हात आखडता घेतला, हे त्या चिमूटभर जिभेवर ठेवून सांगतात आणि सांगताना आवाज अजिबात खाली आणत नाहीत. त्यांच्या या आवाजावरून आमची बरीच भांडणं झाली आहेत. मीही काही कमी आवाजाची नाही.

इथं चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, मसाले तळायचे, खोबरं-तीळ भाजायचे, सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं आणि मग त्यात कांदा-लसणाचं वाटण हातानं कालवायचं. कुटायला डंकाचं यंत्र आहे, कालवायला मात्र हातच लागतो. आमच्या घरची, शेजारच्या घरांची, पाहुण्यांची चटणी कालवणारा हात एकच होता, आत्यांचा. कोपरापर्यंत लाल झालेले त्यांचे हात बघतच मी या घरात जुनी झाले.

त्यांच्या माहेरची एक रीत आहे. चटणी कालवणाऱ्या बाईनं सकाळपासून उपाशी राहायचं. शेवटची बरणी दाबून भरली, वर हिंगाचे खडे ठेवून तोंडाला फडकं बांधलं की मगच घास तोंडात घालायचा. खाल्ल्या तोंडानं हात लावला तर पावसाळ्यात चटणीला बुरशी येते, असं त्यांच्या आईचं म्हणणं. आत्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आमच्या कुरुंदवाडच्या मावशीनं, हे जन्मभर पाळलं. मी शाहूवाडीकडची, भाताच्या मुलखातली. आमच्याकडे उपाशी माणसाला कामाला लावत नाहीत, असं मी एकदा बोलून दाखवलं. आत्या म्हणाल्या, "म्हणूनच तुमच्याकडच्या चटणीला चव न्हाई." त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण घरात पाहुणे होते.

मग आत्यांचे अंगठे दुखायला लागले. सकाळी उठल्यावर बोटं वळेनात. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायच्या. गुडघे आधीपासून कुरकुरत होते, पण गुडघ्यांना त्यांनी कधी किंमत दिली नाही. हात दुखले तेव्हा मात्र घाबरल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सांध्यांची झीज आहे आणि सूजही आहे. सूज उतरवणारी गोळी लिहून दिली. थोडेच दिवस, रोज एक, जेवण झाल्यावर. गोळी लागू पडली. आत्यांनी एक दिवस चादर स्वतः पिळून दोरीवर टाकली आणि मला मुद्दाम हाक मारून दाखवली.

पंचाईत त्यानंतर सुरू झाली. गोळ्या संपल्या तरी रिकामं पाकीट दाखवून त्या दुकानातून परत आणू लागल्या. त्यात भर मावशीची, चटणीच्या हंगामात ती आमच्याकडे मुक्कामाला आली होती. मावशीच्या कमरेला चंची असते, पान-सुपारीची कापडी पिशवी. अलीकडे तिच्यात गोळ्यांनाही जागा झाली होती. गुडघ्याची, कमरेची, अंग मोडून येतं त्याची. डंकावर नंबर लावून बसलेल्या बायकांत पानाबरोबर गोळीही फिरायची. "घे की गं," म्हणून मायेनं पुढं केलेली गोळी नको म्हणणं म्हणजे पान परत करणं, मोठाच अपमान. गोळी कसली, कुणी कुणाला लिहून दिलेली, असले प्रश्न तिथं कुणी विचारत नसे.

त्या हंगामात आत्या पहाटे उपाशीपोटी आपली गोळी घ्यायच्या आणि दुपारी डंकावर मावशीची. रीतही पाळली, कामही उरकलं. हंगाम संपता संपता त्यांच्या पोटात आग पडली. घास जाईना, उलट्या झाल्या, पाय सुजले. मला हे कळलं ते त्या ओट्याला धरून डोळे मिटून उभ्या राहिलेल्या दिसल्या तेव्हा. "काय न्हाई, ऊन लागलंय," म्हणाल्या. घरात उभं राहून कुणाला ऊन लागतं? मी त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षात बसवलं.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आधी विचारलं, गोळी कधी घेता? पहाटे. काय खाऊन? "चटणीच्या दिवसांत आमी खात न्हाई," आत्या ऐटीत म्हणाल्या. आणखी कुठली गोळी? आत्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मी ओळखलं, गप्प बसायचं आहे. मी गप्प बसले नाही. चंचीसकट सगळं सांगून टाकलं. घरी गेल्यावर काय व्हायचं ते होवो, म्हटलं.

डॉक्टर हसल्या नाहीत की ओरडल्या नाहीत, याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्यांनी आत्यांनाच समोर धरून सांगितलं, की ही गोळी सांध्याची सूज उतरवते पण पोटाला जाच करते, काही न खाता घेतली तर त्रास वाढतो. तिचा भार मूत्रपिंडावर पडतो, रक्तदाब चढतो, आत्या रोज घेतात त्या दाबाच्या गोळीचा गुण कमी होतो. आणि मावशीची गोळी रंगानं, नावानं निराळी असली तरी औषध त्याच जातीचं, म्हणजे आत्यांनी दिवसाला दुप्पट घेतलं. तपासण्या झाल्या. पोटाला आतून सूज होती, जखम झालेली नव्हती, एवढं नशीब. गोळी बंद झाली. ते वर्ष आत्यांनी शेक, मलम आणि बोटांच्या व्यायामावर काढलं. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायच्या आणि पाण्यालाच शिव्या द्यायच्या.

पुन्हा उन्हाळा आला. गच्च्यांवर मिरच्या वाळू लागल्या, गल्लीभर ठसका उठला, आणि बायका विचारायला लागल्या, "काकू, अवंदा कवा?" आत्यांचा अंगठा तर मूठ मिटू देत नव्हता. आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोटाचं विचारलं, दाब मोजला, रक्त तपासायला लावलं आणि सगळं ठीक दिसल्यावरच गोळी दिली. ताकदीनं कमी, कामाच्या दिवसांपुरतीच. सकाळी आधी पोट सांभाळणारी गोळी, मग न्याहारी, मग ही. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी जोडीला नाही. पोटात कळ आली, शौचाला काळं झालं, पाय सुजले, लघवी कमी झाली तर गोळी थांबवून लगेच यायचं. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर एक क्षणही थांबायचं नाही. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"उपाशीपोटी चालंल अशी एकांदी न्हाई व्हय?"

"नाही आजी. खायचं नसेल तर गोळी घ्यायची नाही."

रिक्षात त्या अंगठा चोळत बसल्या. मला कळत होतं त्यांचं काय चाललंय ते. गोळीशिवाय अंगठा वळणार नव्हता, खाल्ल्याशिवाय गोळी घेता येणार नव्हती, आणि खाल्लं तर आईची रीत मोडणार होती. त्यातून गल्लीतल्या सगळ्या बरण्यांना बुरशी आली असती तर आयुष्यभराचं नाव मातीत गेलं असतं. मी म्हटलं, "आत्या, मी कालवते की." त्या बाहेर बघत म्हणाल्या, "तुझ्या हाताला मीठ कळत न्हाई." मग रिक्षातून उतरता उतरता म्हणाल्या, "आन् माझा हात अजून हाय."

चटणीच्या दिवशी मी शाहूपुरीतल्या ऑफिसात रजा टाकली. अंगणात पराती मांडल्या, बायका जमल्या, कुरुंदवाडहून मावशी आपली मिरचीपूड घेऊन आली. सगळ्यांनी पदर खोचले. आत्यांनी पाट ओढला, मांडी घातली आणि मला म्हणाल्या, "भाकरी आण. दही आण." आवाज नेहमीचाच, म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

मावशी म्हणाली, "काय करतीस गं?"

"खातो."

"चटणीच्या दिवशी?"

"व्हय. खाल्ल्याबिगर गोळी न्हाई, गोळीबिगर हात न्हाई."

मावशीनं चंची सोडली, पान काढलं, त्यावर गोळी ठेवली आणि हात पुढं केला. "ही घे. मी रिकाम्या पोटीच घेतो. मला काय झालंय?"

आत्यांनी पान उचललं. गोळी मावशीच्या तळव्यावर तशीच राहू दिली. "आक्का, तुझं पान घेतो. गोळी न्हाई घेत. तुझी तुला, माझी मला."

थोरल्या बहिणीला असं तोंडावर, चारचौघींत. मावशीचा चेहरा पडला. "आईची रीत मोडलीस. बुरशी आली की काय सांगशील लोकास्नी?"

"सांगंन की, मी खाल्लंवतं म्हणून आली."

आणि त्या खात राहिल्या. घाई नाही, चोरटेपणा नाही. वाटीतलं दही बोटानं पुसून घेतलं, गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या, चूळ भरली, हात धुऊन कोरडे केले. मी या बाईशी अर्धं आयुष्य भांडले आहे, पण त्या वेळी मला असा अभिमान वाटला की बायकांना सांगावंसं वाटलं, बघून घ्या, ही माझी सासू आहे. एका बाईनं आपली परात हळूच उचलून घरी नेली. आत्यांनी ते बघितलं आणि पहिली परात पुढं ओढली. थोड्या वेळानं त्यांची बोटं वळायला लागली आणि त्यांनी पहिल्या परातीत हात घातला. मावशीनं दुसऱ्या कोपऱ्यात पाठ करून स्वतःची चटणी कालवली, कडकडीत उपाशी. बहिणी-बहिणींचा वानवळा ठरलेला, म्हणून जाताना आत्यांची एक बरणी तिनं पिशवीत ठेवली, पण दोन बोटांनी धरून.

पाऊस लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. भिंतींना ओल आली, चपलांना बुरशी आली, कपाटातल्या पट्ट्यालासुद्धा आली. मी येता-जाता फडकं सोडून बरणीत नाक घालायची. आत्या वैतागायच्या, "रोज उघडशील तर खरंच येईल बुरशी." पण मी ऑफिसला गेल्यावर त्याही उघडून बघतात, हे फडक्याच्या गाठीवरून कळायचं. गोळी मात्र त्यांनी हंगाम संपला त्या दिवशीच बंद केली होती. उरलेल्या कुणी मागितल्या तर सरळ नाही म्हणायच्या. शेजारणींनी नाकं मुरडली. मुरडू देत.

गणपतीच्या आधी मावशीचा फोन आला. आत्यांना कानाला धरायचा कंटाळा, म्हणून मी स्पीकर लावला.

"चटणी बरी हाय," मावशी म्हणाली.

"कुणाची?"

"तुझी. माझी बी बरी हाय."

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही मुठी आवळून वर केल्या. तेवढ्यात मावशी आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या पोटात आग पडतीया गं. लई दिस झालं. कुणाला सांगितलं न्हाई."

आत्या ताडकन उठून बसल्या. "ती गोळी थांबीव. उद्या ये. न्हाईतर मीच येतो."

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांसमोर दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. माझ्या मनात होतं, आता आत्या बोलणार. अंगणातला तो अपमान व्याजासकट परत करणार. मी असते तर केला असता. डॉक्टरांनी मावशीला विचारलं, "गोळी घेण्याआधी काय खात होता?" मावशीनं मान खाली घातली. एवढी करारी बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आत्या पुढं सरकल्या. "डॉक्टर, हिला बोलू नका. मी बी तसंच करत हुतो. आमाला जे शिकवलं ते आमी केलं. आता नवीन शिकायचं हाय, तर शिकंल की ती." मग सुजलेल्या बोटांनी त्यांनी बहिणीचा हात धरला. "तुमी सांगा तिला सगळं, सावकाश. घरी गेल्यावर इसरली तर मी हाय."