झोपलेलं गवत

बोडेनसे तलावाच्या काठी, द्राक्षमळ्यांना लागून असलेल्या गोल्फ क्लबच्या ऑफिसात मी काम करते. तिथलं गवत सांभाळणारा जर्मन माळी रोज सकाळी सातला दारात येतो, "या, या, आल्झो," म्हणजे 'हो, हो, तर मग' असं जर्मनमध्ये म्हणतो आणि पायातले बूट काढल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. मैदानावरून चालताना मध्येच वाकून तळहात टेकवतो, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

यंदा पाऊस नाही, गवताला पाणी घालायलाही बंदी; सगळं मैदान पिवळं पडलंय. चॅम्पियनशिपच्या फोटोंसाठी मॅनेजरने गवतावर फवारायचा हिरवा रंग मागवला आणि कामाच्या कागदावर माळ्याची सही आणायला मला सांगितलं. असली कामं माझ्याकडेच येतात.

माळ्याने कागदावर मोठ्या अक्षरांत 'करणार नाही' असं लिहून खाली सही केली.

"गवत मेलेलं नाही, झोपलंय. झोपलेल्याचं तोंड रंगवायचं?"

"अहो, नोकरी जाईल तुमची. पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत. तुम्ही आज रजेवर आहात असं लिहिते मी."

"पण मी तर इथे आहे," तो म्हणाला आणि खुर्चीत बसून राहिला.

कागद वर मॅनेजरकडे मलाच न्यायचा होता. मी आधी चहा टाकला, दोघांचा.