वस्तादांची पाठ
स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. राग तर माझ्या नाकावरच असायचा, त्यात वडील गेले आणि मी कुणाचा राहिलो नाही. जुन्नरच्या बाजारात साधा धक्का लागला तरी अंगावर धावून जायचो. रात्री झोप नाही, जेवणावर वासना नाही. शेवटी आई म्हणाली, "तालमीत जा, न्हाईतर तुरुंगात जाशील."

आमचे वस्ताद हातकागद बनवणाऱ्या मुसलमान घरातले, साठीच्या पुढचे. त्यांनी मला आधी नुसती हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायला लावली. तीत ताक, तेल, हळद कालवायची, मग जोर-बैठका. डाव एकही नाही. मी धुसफुसायचो. पण हळूहळू भाकरी गोड लागू लागली, पडल्या पडल्या डोळा लागू लागला, आणि कुणी डिवचलं तरी हात उठेना. रोज मेहनत झाली की शेवटी वस्ताद एकेकाशी स्वतः कुस्ती धरायचे आणि लोळवायचे. त्या झटापटीसाठीच मी पहाटे उठायचो. ती होती म्हणून माझं डोकं ठिकाणावर होतं.

एका सकाळी त्यांनी माझ्या मानेवर हात टाकला आणि काही कळायच्या आत माझं अंग आपोआप वळलं. बघतो तर वस्ताद उताणे, दोन्ही खांदे मातीत.

आंबेगावापर्यंतच्या जत्रा गाजवलेल्या एका जुन्या पैलवानाने माझा दंड धरला. "काय केलंस हे, राव? मातीला पाठ लागलेला वस्ताद परत हौद्यात उतरत न्हाई. हितली रीत हाय. आमी सगळे इतकी वर्सं मुद्दाम पडतोय, ते काय उगाच?"

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता रोजची झटापट संपली, तीही माझ्याच हाताने.

वस्ताद उठून बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण ते जुन्या पैलवानांकडे बघत होते.

"मुद्दाम?" ते म्हणाले. "समदे?"

एकेक जण मान खाली घालून हौद्याच्या काठावर सरकला.

"मंग मी तुमाला शिकवलं काय?"

ते माझा हात धरून उठले.

"उद्या येशील न्हवं, बेटा? रीत गेली खड्ड्यात. तुझ्याशी धरीन. ह्यांच्याशी न्हाई."

जत्रा गाजवणारे ते धिप्पाड गडी हौद्याच्या काठावर उभे राहून रडत होते.